मांडी घालून बघा : यंदाच्या नवरदेवांना खुले पत्र

प्रिय नवरदेवहो,



तुळशीची लग्नं लागली की तुमच्या घरात काय चालतं ते आम्हा निमंत्रितांना पाठ आहे. कार्यालय ठरतं, आचारी ठरतो, वधूच्या साड्या येतात, ब्लाउज शिवायला जातात, फॉल-पिको होतं, कोणत्या साडीवर कोणता दागिना यावर दोन्हीकडच्या बायका तासन्‌तास बोलतात. तुमचा कपडा मात्र लग्नाआधीच्या रविवारी, दोन मित्रांना घेऊन, दुपारच्या जेवणाआधी उरकलेला असतो. दादरचं हिंदमाता असो, पुण्याचा लक्ष्मी रोड असो की नागपूरची सीताबर्डी, दुकानदाराला पाच मिनिटांत कळतं की या गिऱ्हाइकाला काय हवंय ते गिऱ्हाइकालाच माहीत नाही. तो बाहेरच्या पुतळ्याच्या अंगावरचं काढून देतो. तुम्ही आरशासमोर छाती काढून उभे राहता, मित्र फोटो काढून ग्रुपवर टाकतो, ताईचा अंगठा येतो, पावती फाटते.

पुतळ्याला कुठे बसायचं नसतं. तुम्हाला पाटावर मांडी घालून, होमाच्या धुरात, तास-दोन तास बसायचं आहे.

पत्र लिहायचं कारण एवढंच. लग्न म्हणजे एक प्रसंग असं समजून तुम्ही एक भरजरी कपडा घेता आणि बाकीच्या वेळी हाताला येईल ते चढवता. प्रत्यक्षात साखरपुडा, हळद, सीमांतपूजन, विधी, स्वागत समारंभ, सत्यनारायण असे पाच-सहा प्रसंग चार दिवसांत येतात आणि प्रत्येकात अंगाला वेगळं काम असतं. कुठे वाकायचं, कुठे खाली बसायचं, कुठे तीन तास दिव्यांखाली उभं राहायचं. त्या कामाला सोसेल असा कपडा निवडला तर तो शोभतोही. पुरुषांच्या नटण्यावर जे सल्ले छापून येतात ते बहुतेक खुर्चीवर बसणाऱ्या, बूट न काढणाऱ्या, काट्या-चमच्याने जेवणाऱ्या माणसासाठी लिहिलेले असतात. तुमच्या लग्नात यातलं काहीच नाही.

नट आणि क्रिकेटपटूंची लग्नं तुम्ही मोबाइलवर साठवून ठेवलेली असतात, तेव्हा तिथूनच सुरुवात करू. विराट कोहलीचं लग्न डिसेंबर 2017 मध्ये इटलीतल्या टस्कनीत झालं. सब्यसाचीच्या फिकट रंगाच्या शेरवानीतले त्याचे फोटो पाहून आपल्याकडच्या दुकानांत तसल्या शेरवान्यांच्या रांगा लागल्या. टस्कनीत डिसेंबरात थंडी असते. तुमचा मुहूर्त मे महिन्यातला, कार्यालय अकोल्यात किंवा चिपळूणला. विदर्भात पारा पंचेचाळिशीला टेकलेला आणि कोकणात हवा इतकी दमट की उभ्या उभ्या अंगाला धारा लागतात. फोटोतली शेरवानी रेशमाची. दुकानात तिची जी नक्कल मिळते ती पॉलिएस्टरची असते, आत पॉलिएस्टरचंच अस्तर. हे कापड घाम पीत नाही. अंतरपाट दूर होईपर्यंत तुमच्या पाठीवर नकाशा उमटलेला असतो आणि मागे उभ्या राहिलेल्या मामांना तो दिसतो. शिवाय लाजाहोमात तुम्ही ज्या हातांनी लाह्या अग्नीत सोडणार, त्या हातावरची बाही ठिणगी पडली की वितळून चिकटणाऱ्या धाग्याची असू नये. सुती किंवा रेशमी कापड जळून राख होतं, अंगाला चिकटत नाही. मुंजीत आणि लग्नात सोवळं रेशमाचं का असायचं याची धार्मिक कारणं आजीला विचारा. मला आगीजवळ बसायच्या दृष्टीने ते शहाणपणाचं वाटतं.

म्हणून विधींना धोतर-उपरणं नेसणाऱ्यांची मी कड घेते. कद किंवा सुती धोतर, वर उपरणं, हवा तर अंगात पातळ रेशमी कुर्ता. मांडी घालता येते, वारा लागतो, आणि गाठ मारायची वेळ आली की वधूच्या शेल्याला बांधायला उपरणं जागेवर असतं. शेरवानीवाल्या लग्नांत या क्षणी जी धावपळ होते ती पाहण्यासारखी असते. कुणाची तरी ओढणी, कुणाचा तरी रुमाल! तुम्हाला धोतर नेसता येत नसेल तर त्यात लाज नाही, पण आधीच्या आठवड्यात घरातल्या कुणा वडीलधाऱ्याकडून दोनदा नेसून घ्या आणि ते नेसून जिना चढून-उतरून बघा. शिवलेलं, नाडीचं धोतरही चालतं. त्यावर नाक मुरडणाऱ्यांनी आधी स्वतः नेसून दाखवावं.

शेरवानीच घालायची असेल तर खुशाल घाला. ती परकी आहे, उत्तरेकडची आहे, असं म्हणणाऱ्यांकडे दुर्लक्ष करा. मराठवाडा 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता, आणि तिथल्या वकील, शिक्षक, अंमलदार मंडळींचा तो रोजचा पोशाख होता. सूत आणि रेशीम एकत्र विणलेलं औरंगाबादचं हिमरू शेरवानीसाठीच नावाजलेलं. आज संभाजीनगरात हाताने हिमरू विणणारे फार थोडे उरलेत. पैसे खर्च करायचेच असतील तर त्या कापडाची साधी, भरतकाम नसलेली शेरवानी शिवून घ्या. मुंबईच्या काचेच्या दुकानातली खड्यांची शेरवानी तिच्यापुढे नाटकातली वाटेल.

दुकानात असाल तेव्हा आरसा सोडा आणि खाली मांडी घाला. विक्रेता हसेल, हसू द्या. शेरवानीच्या बाजूचे काप पुरेसे वरपर्यंत नसतील तर पुढचा पन्हा पोटावर गोळा होतो आणि बटणं ताणतात. चुडीदार गुडघ्यात आवळत असेल तर पंधरा मिनिटांत पायाला मुंग्या येतात, मग सप्तपदीत नवरदेव लंगडतो आणि व्हिडिओवाला ते टिपतो. उठून उभे राहा आणि दोन्ही हात समोर, खांद्याच्या वर न्या. हार घालायचा आहे, मंगळसूत्र बांधायला वधूच्या मानेमागे दोन्ही हात पोचवायचे आहेत. काखेत कापड ओढलं, कॉलर कानाला लागली, तर तो कपडा तुमचा नाही. मोठं माप मागू नका, मोठ्या मापात बाकी सगळं लोंबतं. काखेचा घेर वर असलेला कपडा मागा किंवा शिवून घ्या. हे एवढं कुणी करत नाही. अर्ध्या लग्नांत नवरा मंगळसूत्र बांधताना भटजींच्या मदतीची वाट बघतो, त्याचं खापर उगाच त्याच्या थरथरत्या हातांवर फुटतं.

हळदीबद्दल थोडक्यात. रायगड-ठाण्याच्या आगरी-कोळी गावांत हळदीची रात्र लग्नापेक्षा मोठी, बाकी महाराष्ट्रातही आता ती तशीच होत चालली आहे, पिवळ्या कपड्यांची सक्ती आणि ढोलाचा गोंगाट यांसह. त्या दिवशी पांढरा सुती सदरा किंवा बंडी घाला, जुनी असली तरी उत्तम. नवा रेशमी पिवळा कुर्ता हळदीत बुडवण्यात काय पुरुषार्थ आहे ते मला समजलेलं नाही. डाग पडला की साबण लावू नका. साबण अल्कलीधर्मी असतो आणि हळद त्यात लाल होते. हळदीला चुना लावून कुंकू करतात ते याच गुणावर. साध्या पाण्यात खळबळून कडक उन्हात दिवसभर वाळत घाला, हळदीचा रंग उन्हात उडतो. पॉलिएस्टर मिसळलेल्या महागड्या कुर्त्याच्या बाबतीत मात्र देवाचं नाव घ्या.

आता सूट. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण स्वागत समारंभाच्या मंचावर सगळ्यात जास्त वाटोळं सुटाचं होतं.

सुटाला आपल्याकडे जे वजन आहे ते बाबासाहेबांनी दिलेलं आहे. गावोगावच्या पुतळ्यांत ते निळ्या सुटात उभे आहेत, आणि ज्या समाजाला नवं धडुतं नेसायचीही चोरी होती त्याला त्या सुटाचा अर्थ कुणी समजावून सांगावा लागत नाही. बौद्ध पद्धतीच्या लग्नात नवरा पांढऱ्या कपड्यांत किंवा सुटात उभा राहतो तेव्हा त्यामागे 14 ऑक्टोबर 1956 चं नागपूर असतं. हे सगळं लक्षात घेता, खांद्यावरून ओघळणारा, भाड्याचा, चकचकीत सूट घालणं मला त्या वारशाचा अपमान वाटतो. मत जरा कडक आहे, पण आहे.

सुटाचा जीव खांद्यात. खांद्याची शिवण तुमच्या खांद्याच्या हाडावर संपली पाहिजे. कंबर आत घेता येते, बाही आखूड करता येते, पँटची उंची उतरवता येते. खांदा दुरुस्त करायला शिंप्याला अख्खा कोट उसवावा लागतो आणि शहाणा शिंपी त्याला हात लावत नाही. म्हणून तयार कोट घेताना पहिल्यांदा खांदा बघा, रंग नंतर. बाही मनगटाच्या हाडाशी थांबावी आणि शर्टाची कड बोटाच्या अर्ध्या पेराएवढी बाहेर दिसावी. दोन बटणांच्या कोटाचं वरचं बटण लावायचं, खालचं कधीच लावायचं नाही. खुर्चीवर बसलात की वरचंही सोडायचं, उठताना पुन्हा लावायचं. टायचं टोक पट्ट्याच्या बकलापाशी आलं पाहिजे, बेंबीवर नाही आणि त्याहून खाली तर नाहीच. पँट पोटाच्या खाली ढकलून नेसली की पोट झाकलं जात नाही, उलट त्याला कोनाडा मिळतो. ती कमरेवर चढवा, पोट असो वा नसो.

आणि कृपा करून, नवा कोट घरी आणल्यावर कात्री घेऊन बसा. डाव्या बाहीवर मनगटाजवळ कंपनीच्या नावाची चिठ्ठी शिवलेली असते. ती दुकानात कापडाची ओळख पटावी म्हणून असते, तुम्ही घालायला सुरुवात केल्यावर ती उसवायची असते. कोटाच्या मागच्या कापांवर फुलीसारखे कच्चे टाके घातलेले असतात, ते तर नुसते वाहतुकीत कापड मुरगळू नये म्हणून. ते काढा. खिसेही शिवलेले असतात, छातीवरचा उघडा, बाजूचे राहू दिले तरी चालतील, म्हणजे त्यांत आहेराची पाकिटं कोंबायचा मोह होणार नाही. मी आजवर आमदारांच्या मुलांच्या स्वागत समारंभात बाहीवर चिठ्ठी मिरवणारे नवरदेव पाहिले आहेत. पैशाने ही गोष्ट सुटत नाही.

रंग गडद निळा किंवा कोळशासारखा करडा घ्या. लालभडक, जांभळा, सापाच्या कातीसारखा चमकणारा कोट मंचावरच्या एलईडी दिव्यांत भयंकर दिसतो आणि पुन्हा अंगाला लागत नाही. कापड हलक्या लोकरीचं, ज्याला दुकानात ट्रॉपिकल वूल म्हणतात, ते आपल्या हवेत चालतं. लोकर म्हटल्यावर घाबरू नका, पातळ लोकरीतून वारा खेळतो. उन्हाळ्यात दिवसाच्या समारंभाला लिननही छान. लिनन होतं ते जवसाच्याच झाडापासून, ज्याची चटणी विदर्भात आवडीने खातात. फक्त धाग्यासाठी वाण वेगळं लावतात. लिनन चुरगळतं, चुरगळू द्यावं, त्याची तीच शोभा आहे.

एक गोष्ट दुकानदार सांगणार नाही. तुम्हाला एकच चांगला कपडा परवडत असेल तर सूटही नको आणि शेरवानीही नको, गडद निळा बंदगळा शिवून घ्या. स्वागत समारंभाला तो शोभतो, टाय लागत नाही, फेट्याखालीही जातो आणि गळ्यात हार पडला तरी विद्रूप होत नाही. पुढच्या दिवाळीला, मेहुणीच्या लग्नाला, कचेरीतल्या वार्षिक समारंभाला तोच चालतो. शिवताना बाजूच्या शिवणींत आत थोडं कापड सोडायला सांगा. लग्नानंतरच्या पहिल्या दोन वर्षांत ते लागतं.

फेट्याचं काय करायचं? कार्यालयाच्या दारात फेटे बांधणारा बसवून येईल त्या पाहुण्याच्या डोक्यावर भगवा किंवा गुलाबी फेटा चढवायची रीत आता सगळीकडे पसरली आहे. टी-शर्ट आणि जीन्सवर फेटा बांधलेला मित्र गमतीदार दिसतो, पण ते त्याचं तो बघेल. तुम्ही आधी एक हिशोब करा. मुंडावळ्या कपाळावर बांधायच्या आहेत, अक्षता डोक्यावर पडायच्या आहेत आणि कानपिळीला वधूचा भाऊ कान शोधत येणार आहे. फेटा कानावरून खाली आला असेल तर त्याची पंचाईत होते. बांधणाऱ्याला सांगून कान मोकळे ठेवा, शेमला पाठीवर असा सोडा की बसताना तो बुडाखाली जाणार नाही. तयार शिवलेला फेटा घेऊ नका, तो टोपीसारखा बसतो आणि दोन तासांत कपाळावर वळ उमटवतो. कमरेला तलवार आणि कट्यार लावून बाजीराव होण्याबद्दल मी काही बोलत नाही. तुमचा घोडा, तुमची हौस.

पायांकडे मात्र कुणीच बघत नाही, आणि लग्नात सगळ्यात जास्त उघडे पडतात ते पाय. मंडपात चढताना बूट काढायचे, मग मेहुण्या ते पळवणार, सगळ्यांच्या नजरा तुमच्या मोज्यांवर. अंगठ्याला भोक पडलेला, घोट्यावर सैल झालेला मोजा शंभर माणसं पाहतात. सुटाबरोबर पोटरीपर्यंत येणारे गडद मोजे घ्या, पांढरे नकोत. नव्या मोजडीचा तळ गुळगुळीत असतो आणि कार्यालयाची फरशी त्याहून गुळगुळीत, तेव्हा दोन दिवस आधी ती घालून अंगणातल्या खरखरीत फरशीवर फिरा.

कोल्हापुरीसाठी तर आधी पंधरा दिवस तरी हवेत. जून 2025 मध्ये मिलानला प्राडाच्या पुरुषांच्या कपड्यांच्या प्रदर्शनात कोल्हापुरीसारख्या चपला दिसल्या तेव्हा आपल्याकडे केवढा गदारोळ झाला. 2019 पासून भौगोलिक मानांकन असलेली आपली चप्पल परक्यांनी उचलली म्हणून सगळे तावातावाने बोलत होते. त्या वर्षीच्या लग्नसराईत नवरदेवांच्या पायात मला कोल्हापुरी क्वचितच दिसली, प्लास्टिकच्या सोनेरी मोजड्या मात्र ढिगाने. कोल्हापूरच्या चप्पल लाइनमध्ये जाऊन हाताने शिवलेली घ्या, कापशी घ्या, वेणीची घ्या. नवी चप्पल चावते हे खरं. पट्ट्यांना आणि अंगठ्याला आतून खोबरेल तेलाचं बोट फिरवा, रोज संध्याकाळी अर्धा तास घाला, पाण्यापासून जपा. धोतराखाली तिच्यासारखं दुसरं काही दिसत नाही.

नोंदणी विवाह करणाऱ्यांना वाटत असेल की हे पत्र त्यांच्यासाठी नाही. विशेष विवाह कायदा 1954 चा, तीस दिवसांची नोटीस आणि तीन साक्षीदार एवढंच तो मागतो, कपड्यांबद्दल अवाक्षर काढत नाही. म्हणून टी-शर्टवर जाऊन सही ठोकणारे मी पाहिले आहेत. समोरची मुलगी इस्त्रीची सुती साडी नेसून, केसांत फूल माळून आलेली असते. तुम्हीही इस्त्रीचा पांढरा सदरा आणि नीट बसणारी पँट घालून जा. खर्च शून्य, आणि तो फोटो आयुष्यभर भिंतीवर राहणार आहे.

जोडप्याने एकाच कापडाचे कपडे शिवायची जी लाट आली आहे तिच्याविषयीही विचारणारे आहेत. वधूच्या खणाच्या ब्लाउजच्या कापडाचं जाकीट वराला, पैठणीच्या काठाचं उपरणं. उपरणं छान दिसतं. अख्खं जाकीट नको, फोटोत तुम्ही दोघं एकाच ताग्याचे दिसता. तिच्या साडीतला एखादा दबका रंग तुमच्या उपरण्याला किंवा खिशातल्या रुमालाला घ्या आणि थांबा.

वडिलांना विसरू नका. बहुतेक वरपित्यांच्या कपाटात आहेरात मिळालेले पँटपीस-शर्टपीस वर्षानुवर्षं पडून असतात, त्यांत रेमंडचाही एखादा चांगला तुकडा निघतो. तो काढा, त्यांना शिंप्याकडे न्या, कोट नाही तर निदान एक पँट आणि बिनबाह्यांचं जाकीट शिवून द्या. मुलाच्या लग्नात 1990 सालचा सफारी घालून कोपऱ्यात उभा असलेला बाप मी बऱ्याचदा पाहिला आहे. त्याने मुलाच्या शेरवानीचे पैसे भरलेले असतात.

लग्न मार्गशीर्षात असेल तर शिंप्याकडे दिवाळीआधी जा. लग्नसराई सुरू झाली की चांगला शिंपी नवी मापं घेणं बंद करतो, आणि दुसरी ट्रायल दिल्याशिवाय कोट बसत नाही. जाताना समारंभात घालणार तेच बूट आणि तोच शर्ट घालून जा, उंची आणि बाही त्यावरूनच ठरते.

कळावे, लोभ असावा.

तुमची,
पहिल्या रांगेतली एक निमंत्रित